पोट्टा आयकत नाही? कानाच्या पडद्यामागं पाणी साचलं असेल – नाकातले फवारे त्यावर किती चालतात, ते वाचा

नाकाडोंगरी (ता. तुमसर) : पावसाळा लागला की सर्दी घराघरात फिरते. सर्दी आठ दिवसांत जाते, पण काही लेकरांच्या कानात एक गोष्ट मागं ठेवून जाते. पोट्टा टीव्हीचा आवाज वाढवतो, हाक मारली तर दोन वेळा "काय?" म्हणतो, गुरुजी म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते आता मस्ती वाढली. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप नाही. म्हणून कुणी कानाकडे पाहत नाही. अशा पुष्कळ लेकरांच्या पडद्यामागं चिकट पाणी साचलेलं असतं. डॉक्टर लोक त्याला ग्लू इअर म्हणतात, म्हणजे डिंकासारखा कान. सोप्या शब्दांत, मधल्या कानातलं पाणी.

यावर अलीकडं नाकात मारायचे फवारे, नेब्युलायझर, वाफ असे बरेच उपाय सुचवले जातात. ओढायचं औषध कानापर्यंत पोचतं का, याच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांतून काय निघालं ते आपल्या भागातल्या वाचकांसाठी एका जागी देत आहे. लेख लांब आहे, पण घरात शाळकरी लेकरू असेल तर पूर्ण वाचा.

पाणी येतं कुठून?

बांधीचा विचार करा. धुऱ्यात मोरी ठेवली तर जास्तीचं पाणी खालच्या बांधीत उतरतं. मोरीत गाळ बसला की पाणी थांबतं. कानाचं तसंच आहे. पडद्याच्या आत एक छोटी पोकळी असते, चहाचा चमचाही भरणार नाही एवढी. त्या पोकळीतून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वर उघडते. यूस्टेशियन नळी तिचं नाव. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते, आत हवा जाते, आतलं पाणी बाहेर निघतं. घाटातून बस जाताना कान गच्च होतो आणि थुंकी गिळली की मोकळा होतो, ते काम या नळीचंच.

लहान लेकरांची ही नळी आखूड, अरुंद आणि जवळपास आडवी असते. वय वाढतं तशी ती लांब होते, उतारावर येते. म्हणून हा त्रास मुख्यतः सात-आठ वर्षांच्या आतल्या लेकरांना. सर्दीनं नळीचं तोंड सुजतं, किंवा नाकामागची गाठ (अॅडेनॉइड) वाढून ते तोंड दाबते. आत हवा जात नाही, पोकळीत ओढ तयार होते, पडदा आत खेचला जातो आणि पाणी झिरपून साचतं. जुनं झालं की ते घट्ट होतं. घरात बिडी-सिगारेटचा धूर असेल तर हा त्रास जास्त होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

यानं लेकरू बहिरं होत नाही, पण आवाज दबतो. साधारण २५ ते ३० डेसिबलपर्यंत ऐकणं कमी होतं. दोन्ही कानांत बोटं घालून दिवसभर बसून पाहा, मग वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या पोराचं काय होत असेल ते कळेल. फळ्याकडे तोंड करून गुरुजी जे बोलतात ते त्याला निम्मंच पोचतं. बोलायला शिकायच्या वयात दोन्ही कानांत महिनोन् महिने पाणी राहिलं तर बोलणं मागं पडू शकतं. खरा तोटा तिथं आहे.

कागदावर काय लिहिलंय?

कान-नाक-घसा डॉक्टर दुर्बिणीनं पडदा पाहतात. मग टिम्पॅनोमेट्री नावाची तपासणी होते. कानात रबरी टोक लावतात, थोडा हवेचा दाब देतात आणि मशीन पडदा किती हलतो ते कागदावर काढून देतं. दोन-तीन मिनिटांचं काम, टोचणं नाही. कागदावर डोंगरासारखी रेघ असेल आणि 'ए' लिहिलं असेल तर ठीक. रेघ सपाट आणि 'बी' लिहिलं असेल तर मागं पाणी असण्याची शक्यता मोठी (पडद्याला भोक असलं किंवा मळ भरला असला तरी रेघ सपाट येते, म्हणून आधी कान पाहावा लागतो). 'सी' म्हणजे आत ओढ आहे, नळी नीट उघडत नाही. दुसरी तपासणी ऐकण्याची, ऑडिओमेट्री. ती चार-पाच वर्षांच्या पुढच्या लेकराला नीट जमते. हे कागद जपून ठेवा, तीन महिन्यांनी तुलना करायला लागतात.

फवाऱ्याची चाचणी

नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा अॅलर्जीच्या सर्दीवर चांगला चालतो, यात वाद नाही. मग डॉक्टरांनी विचार केला की नळीच्या तोंडाची सूज यानं उतरेल, पाणी निघून जाईल. विचार पटण्यासारखाच आहे. कित्येक वर्षं फवारा दिला गेला आणि लेकरं बरीही झाली. पण फवाऱ्यानं बरी झाली, की आपोआप?

हे तपासायला ब्रिटनमधल्या साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत ४ ते ११ वर्षांची, दोन्ही कानांत पाणी असलेली २१७ लेकरं घेतली. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या इयान विल्यमसन यांनी हे काम केलं, निष्कर्ष २००९मध्ये आला. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला मोमेटासोन नावाच्या औषधाचा फवारा, दुसऱ्याला तसाच दिसणारा पण औषध नसलेला फवारा. कुणाच्या हातात कोणता, हे आईबापालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. तीन महिने रोज नाकात.

एका महिन्यानं पाहिलं तर औषधाच्या गटात १०० पैकी ४१ लेकरांचा निदान एक कान साफ झाला होता. औषध नसलेल्या गटात ४५. तीन महिन्यांनी औषधाचे ५८, बिनऔषधाचे ५२. नऊ महिन्यांनी पुन्हा उलटं, ५६ आणि ६५. म्हणजे कधी हा पुढं, कधी तो. ठाम फरक काहीच नाही.

या आकड्यांतला ५२ नीट पाहा. ज्यांना औषधाचा थेंबही मिळाला नाही, त्यांच्यातली निम्म्याहून जास्त लेकरं तीन महिन्यांत सुधारली. आपण एखाद्या गोष्टीवर पैसे खर्च करतो, लेकरू बरं होतं आणि आपण म्हणतो गुण आला. शेतात टॉनिक मारलं आणि त्याच आठवड्यात पाऊस आला तर धान कशानं हिरवं झालं? शेजारची बांधी बिनटॉनिकची ठेवली असेल तरच सांगता येतं. कानाचंही असंच. म्हणून बिनऔषधाचा गट लागतो, आणि म्हणूनच "आमच्या पोट्ट्याला यानंच फायदा झाला" हे खरं वाटलं तरी पुरावा होत नाही.

गोळीनं काय झालं, तेही सांगतो. स्टेरॉइडची पोटातून घ्यायची गोळी सात दिवस देऊन वेल्स आणि इंग्लंडमध्ये २ ते ८ वर्षांच्या ३८९ लेकरांवर चाचणी झाली, २०१८मध्ये छापून आली. पाच आठवड्यांनी नीट ऐकू येणारी लेकरं गोळीच्या गटात १०० पैकी ४०, नुसत्या गोळीसारख्या गोळीच्या गटात ३३. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं संशोधकांनीच सांगितलं. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेनं २०२३मध्ये जी नियमावली काढली तीत या आजारासाठी स्टेरॉइडचा फवारा, गोळी, अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या, नाक मोकळं करणारी औषधं, यातलं काहीही देऊ नका असं लिहिलं आहे. अमेरिकेच्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेचं २०१६चं मतही बरंचसं तसंच.

पण दिल्लीचा आकडा वेगळा

इथं थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती. पण दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये हाच मोमेटासोन फवारा तपासला गेला, २०१४मध्ये निकाल छापला. तिथं २ ते १२ वर्षांची ६२ लेकरं होती आणि सगळ्यांची नाकामागची गाठ वाढलेली होती. २४ आठवडे फवारा. औषधाच्या गटात १०० पैकी ९३ जणांचं पाणी गेलं, मिठाच्या पाण्याचा फवारा मिळालेल्यांत ५० जणांचं.

मग खरं कोणतं? माझ्या मते दोन्ही आपापल्या जागी. ब्रिटनमध्ये सरसकट लेकरं होती, दिल्लीत गाठवाली निवडलेली. गाठीनं नळी दाबली असेल आणि फवाऱ्यानं गाठ आक्रसली, तर पाणी निघायला वाट मिळते, हे समजण्यासारखं आहे. पण ६२ लेकरांची चाचणी लहान म्हणावी लागेल, तेवढ्यावर सगळ्यांना फवारा लावता येत नाही. म्हणून डॉक्टरनं फवारा लिहून दिला तर भांडायला जाऊ नका. सरळ विचारा, "साहेब, हा गाठीसाठी आहे, अॅलर्जीसाठी आहे, की कानातल्या पाण्यासाठी?" गाठ किंवा अॅलर्जी असेल तर फवाऱ्याला कारण आहे. नुसत्या पाण्यासाठी असेल तर पुरावा कमजोर आहे. आणि डॉक्टरनं न सांगता मेडिकलमधून आणून मारू नका. नाक उघडायचे जे थेंब मिळतात ते काही दिवसांपेक्षा जास्त घातले तर नाक उलटं जास्त बंद होतं.

साबणासारखं औषध

आता ज्या प्रयोगावर मोठी आशा होती त्याचं सांगतो. ओल्या पन्नीचे दोन पदर एकमेकांना चिकटले की सोडवताना किती ताकद लागते, ते आपल्याला माहीत आहे. पाण्याचा ताण त्यांना धरून ठेवतो. साबणाचं पाणी लागलं की पदर सुटतात. शरीरात असाच एक पदार्थ असतो, सर्फॅक्टंट. फुप्फुसातले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून शरीर तो बनवतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या फुप्फुसात तो कमी असतो म्हणून ती श्वासाला धडपडतात, हे अमेरिकेच्या डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९मध्ये दाखवलं. १९८०मध्ये जपानच्या डॉ. तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसातून काढलेला सर्फॅक्टंट अशा बाळांना देऊन ती वाचू शकतात हे दाखवलं. आज मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात कक्षात हे औषध वापरलं जातं.

कानाच्या नळीच्या भिंतीही ओल्या असतात आणि एकमेकांना चिकटतात. मग फुप्फुसात चालतं ते इथं का नको? अमेरिकेत न्यू जर्सीच्या संशोधकांनी जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या नाकात सर्फॅक्टंटचा मोजून फवारा मारला. नळी उघडायला लागणारा दाब कमी झाला. पुढं चिंचिला या प्राण्याच्या बिघडलेल्या कानांवरही बरे निकाल आले. ही गोष्ट २०००च्या आसपासची.

जनावरात चाललं म्हणून माणसात चालेलच असं नाही. कॅलिफोर्नियातल्या नोव्हस थेरप्युटिक्स या कंपनीनं याच कल्पनेवर ओपी०२०१ नावाचा नाकाचा फवारा बनवला. आधी मोठ्या माणसांवर पाहिलं, मग ६ ते २४ महिन्यांच्या, कानाला ताजा संसर्ग झालेल्या बाळांवर. २०२०मध्ये कंपनीनं जाहीर केलं की बिनऔषधाच्या फवाऱ्यापेक्षा तो सरस ठरला नाही. औषध बाजारापर्यंत पोचलं नाही. तेव्हा कुणी "कानातलं पाणी खेचणारा नवीन विदेशी फवारा" म्हणून काही विकत असेल, मोबाईलवर जाहिरात येत असेल, तर पैसे खिशात ठेवा.

फुगा मात्र चालतो

गंमत म्हणजे ज्यात औषधच नाही, त्याचा निकाल बरा आहे. एका नाकपुडीला लावायची छोटी नळी आणि तिला मोजक्या ताकदीचा फुगा. लेकरानं दुसरी नाकपुडी दाबायची, तोंड मिटायचं आणि नाकानं फुगा फुगवायचा. त्या दाबानं हवा नळीतून कानात शिरते. कल्पना जुनीच. व्हिएन्नाचे डॉ. पोलिट्झर १८६३पासून रबरी फुग्यानं नाकात हवा सोडून हेच करत होते.

विल्यमसन यांच्याच गटानं २०१५मध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० लेकरांवर याची चाचणी छापली. दिवसातून तीनदा फुगा. एका महिन्यानं फुगेवाल्यांत १०० पैकी ४७ लेकरांच्या कानाची रेघ सुधारली, नुसती वाट पाहणाऱ्यांत ३६. तीन महिन्यांनी ५० आणि ३८. चमत्कार नाही, पण फरक खरा आहे आणि अपाय जवळपास नाही. इथं एक सांगायला पाहिजे की या चाचणीत खोटा फुगा नव्हता, त्यामुळं कोण काय करतंय हे आईबापाला माहीत होतं.

आपल्याकडं हा फुगा डॉक्टरला विचारून मागवावा लागतो. जत्रेतला फुगा वापरू नका. त्याची ताकद मोजलेली नसते, शिवाय फुटका तुकडा लहान लेकराच्या घशात अडकू शकतो. चार वर्षांच्या आतल्या लेकराला हे जमतही नाही. सर्दी भरात असेल, कान ठणकत असेल तर तेवढे दिवस थांबा.

वाफ, तेल, लसूण

वाफेनं नाक थोडा वेळ बरं वाटतं, पडद्यामागचं पाणी त्यानं जात नाही. उलट धोका आहे. कोरोनाच्या काळात वाफेचं भांडं अंगावर सांडून भाजलेली लेकरं अचानक वाढली, असं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बाल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. आपल्याकडं गंजात उकळतं पाणी आणि वर चादर घेऊन लेकराला बसवतात. ते बंद करा. घरोघरी आलेल्या नेब्युलायझर मशीनचंही तेच. ती मशीन दम्यासाठी चांगली, औषध फुप्फुसात जातं. कानातल्या पाण्यासाठी तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

कानात गरम तेल, लसणाचं तेल, हळद घालणं तर अगदी व्यर्थ. पडदा अख्खा असेल तर बाहेरून घातलेलं काहीही आत पोचत नाही. पडद्याला भोक असेल तर पोचतं, आणि तेव्हा नुकसान करतं.

"चाचणीत नाव घाला" म्हटलं तर

नागपूर, वर्धा इथल्या मेडिकल कॉलेजांत उपचाराला गेल्यावर कधीकधी औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का असं विचारलं जातं. घाबरायचं कारण नाही, चाचण्या झाल्या म्हणूनच वरचे आकडे कळले. पण हक्क माहीत पाहिजेत. भारतात १५ जून २००९पासून अशा चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंद लागते. तो नंबर मागा, मोबाईलवर पाहता येतो. कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत पाहिजे, सही आईबापाची, आणि सात वर्षांच्या पुढच्या लेकराची स्वतःची तयारीही विचारली पाहिजे. कधीही सोडून जाता येतं, त्यानं नेहमीचा उपचार थांबत नाही. चाचणीमुळं इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९च्या नियमांत आहे. आणि विचारायचा मुख्य प्रश्न, "दुसऱ्या गटाला काय देणार?"

मोठ्यांसाठी दोन ओळी

मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साचलं आणि जात नसेल तर फवारे मारत बसू नका. नाकाच्या मागं गाठ आहे का ते दुर्बिणीनं पाहावंच लागतं, क्वचित ती कॅन्सरची निघते. दुसरं, खर्रा. खर्रा खाऊन ज्यांचं तोंड उघडत नाही त्यांची टाळूही कडक होते, आणि कानाची नळी उघडणारा स्नायू त्या टाळूतच असतो. अशा रोग्यांत नळीचं काम बिघडलेलं आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. आपल्या भागात खर्रा किती चालतो हे मी सांगायला नको.

आपल्या भागात काय करायचं

शंका आली की आधी आरोग्य केंद्रात कान दाखवा, कधीकधी नुसता मळ निघतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. ही योजना ६ फेब्रुवारी २०१३ला आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाली. १८ वर्षांपर्यंतच्या लेकरांच्या ज्या आजारांची तपासणी त्यात आहे, त्यात मधल्या कानाचा आजार आणि कमी ऐकू येणं, दोन्ही आहेत. पथक येण्याच्या दिवशी लेकराला शाळेत पाठवा. रोवणीचे दिवस असले तरी पाठवा. आणि पथकाला स्वतःहून सांगा की हा ऐकत नाही, कारण एवढ्या पोरांत चूपचाप बसणारं पोट्टं सुटून जातं. तिथून चिठ्ठी मिळाली की पुढं तुमसर, भंडारा जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडली तर नागपूर मेडिकल.

पाणी आहे असं ठरलं तर बहुतेक वेळा तीन महिने वाट पाहायला सांगतात. हा टाळाटाळीचा सल्ला नाही, वरचा ५२चा आकडा आठवा. पण वाट पाहणं म्हणजे विसरणं नाही. कॅलेंडरवर तारीख लिहा आणि त्या तारखेला पुन्हा तपासणी करा. मधल्या काळात लेकराला पुढच्या बाकावर बसवायला गुरुजींना सांगा, बोलताना समोर जाऊन, तोंड दिसेल असं बोला. घरात बिडी बंद. फाटलेल्या टाळूची किंवा डाउन सिंड्रोमची लेकरं असतील तर तीन महिने थांबू नका, त्यांना हा त्रास फार जास्त होतो, लगेच दाखवा. कान वाहू लागला, फार ठणकला, कानामागं सूज आली, तोंड वाकडं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना.

तीन महिन्यांनीही दोन्ही कानांत पाणी असेल आणि ऐकणं कमी असेल तर ग्रोमेटचं विचारतात. पडद्याला बारीक छेद देऊन मण्याएवढी नळी बसवतात, आत हवा खेळते. अमेरिकेच्या डॉ. आर्मस्ट्राँग यांनी १९५४मध्ये ही पद्धत पुन्हा चालू केली. भूल द्यावी लागते, ऑपरेशन छोटं असतं. गाठ मोठी असेल तर ती सोबतच काढतात. नळी साधारण सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडते, पडदा बहुधा भरून येतो. काहींना पुन्हा पाणी होतं, हेही माहीत असू द्या. खर्च सरकारी योजनेत बसतो का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा.

ग्रोमेट असेपर्यंत आंघोळीला हरकत नाही, पण तलावात किंवा बावनथडीत बुडी मारू देऊ नका. गढूळ पाणी त्या नळीतून आत गेलं तर कान वाहतो.